वजाबाकीचे दोन गुण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझी नात सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या चाचणीचा गणिताचा पेपर घरी आला. एका उदाहरणापुढे लाल शाईत ‘सूत्र?’ एवढंच लिहिलेलं होतं आणि चारपैकी दोन गुण कापलेले होते. उदाहरण असं: ‘४० मीटर लांब व ३० मीटर रुंद आयताकृती बागेभोवती बाहेरून २ मीटर रुंदीचा रस्ता आहे. रस्त्याचे क्षेत्रफळ काढा.’

पोरीनं आधी पट्टीनं आकृती काढली होती, एका आयताच्या पोटात दुसरा आयत. बाहेरच्या आयताला ४४ आणि ३४, आतल्याला ४० आणि ३०. त्याखाली १४९६ वजा १२०० बरोबर २९६ चौरस मीटर. मी ते पान दोनदा वाचलं. मला त्यात कुठं चूक दिसली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की उत्तर बरोबर आहे, पण वर्गात दिलेल्या सूत्रानं सोडवायचं ठरलं होतं, म्हणून पद्धतीचे दोन गुण गेले.

शाळेचं नाव मी लिहीत नाही आणि बाईंचंही लिहिणार नाही. बाई मनापासून शिकवतात, पोरांना त्यांचा लळा आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते दोन गुण मला लागले. कारण त्याच वजाबाकीवर मी चाळीस वर्षं घर चालवलं आहे. पेपरात पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. मी बार्शीत फरशी बसवायचं काम करतो. १९८२ साली दहावी झाल्यावर बिगारी म्हणून लागलो. शहाबादी, कोटा, कडप्पा, मोझॅक, मार्बल, ग्रॅनाइट आणि आता या काचेसारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स, सगळं या हातांखालून गेलं. माल बदलला, पण बॉर्डर मोजायची रीत तेव्हाही हीच होती आणि आजही हीच आहे.

आधी नातीची गोष्ट पुरी सांगतो. चाचणीच्या पंधरा दिवस आधी हेच उदाहरण तिनं घरी सोडवलं होतं तेव्हा उत्तर आलं होतं १४४. तिनं ४० मध्ये २ मिळवून ४२ केले, ३० चे ३२ केले, १३४४ मधून १२०० काढले. खरं उत्तर २९६, म्हणजे हिचा रस्ता निम्म्याहूनही कमी झाला. मी विचारलं, ‘‘रस्ता बागेच्या एकाच अंगाला आहे का?’’ ती म्हणाली, ‘‘नाही आबा, चारी बाजूंनी.’’ ‘‘मग लांबीत किती वाढले?’’ ती म्हणाली, ‘‘दोन. पुस्तकात दोन मीटरच दिलंय.’’ कागदावर मी तिला तीनदा समजावलं. तिनं तिन्ही वेळा मान हलवली, पण तिला पटलेलं नाही हे तोंडावर दिसत होतं.

तेव्हा मी तिला अंगणात घेऊन गेलो. आमच्या अंगणात एका कामावरून उरलेल्या फुटाच्या शहाबादी फरश्या पडून होत्या. एका बाजूनं ७ आणि दुसऱ्या बाजूनं ५ अशा ३५ फरश्या कोरड्याच मांडल्या. कडेची ओळ म्हणजे रस्ता आणि मधली बाग, असं ठरलं. घरात चिंचोक्यांचा डबा होता. तिला म्हटलं, रस्त्याच्या एकेका बाजूनं चालत जा आणि फरशी मोजलीस की तिच्यावर एक चिंचोका ठेव. ती लांबीच्या बाजूनं गेली, ७ चिंचोके. वळली, रुंदीच्या बाजूला ५. मग परत ७, परत ५. ‘‘चोवीस!’’ मी म्हटलं, आता चिंचोके नको मोजू, रस्त्याच्या फरश्या मोज. ती मोजत गेली आणि वीसवर थांबली. पुन्हा मोजल्या. पुन्हा वीस. मग तिचं लक्ष कोपऱ्याकडं गेलं. चारी कोपऱ्यांच्या फरश्यांवर दोन-दोन चिंचोके होते.

ती उकिडवी बसून त्या दोन चिंचोक्यांकडं बघत होती. मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तिनंच प्रत्येक कोपऱ्यातला एकेक चिंचोका उचलला आणि मुठीत धरून माझ्याकडं आणला. ‘‘आबा, हे चार दोनदा आले.’’

मग मी तिला म्हटलं, कोपऱ्याची भानगडच नको असेल तर अशी मोज: सगळ्या फरश्या किती? ३५. आता बाग बघ. लांबीत बागेच्या फरश्या किती उरल्या? तिनं बोट ठेवून मोजल्या, पाच. सात होत्या, एक या टोकाची गेली आणि एक त्या टोकाची गेली. रुंदीत पाचच्या तीन उरल्या. पाच त्रिक पंधरा. पस्तिसातून पंधरा गेले, वीस. रुंदी दोनदा का धरायची हे मला परत सांगावं लागलं नाही. चाचणीत तिनं ४४ आणि ३४ लिहिलं ते याच अंगणातून.

मला ही रीत ज्यांनी दिली ते माझे वस्ताद शहाबादच्या खाणीकडचे होते. शहाबाद कर्नाटकात, आमच्यापासून फार लांब नाही, आणि त्या वेळी सोलापूरकडं फरशीची चांगली कामं करणारी पुष्कळ माणसं तिकडची. वस्ताद शाळेत गेले नव्हते. कानडीत मोजायचे, हिंदीत रागवायचे आणि मराठीत शिकवायचे. त्यांचं वाक्य मला पाठ आहे: ‘‘पट्टी मोजू नको. अख्खी खोली मोज. मधली चटई मोज. चटई उचल. खाली उरंल ती बॉर्डर.’’

मधल्या भागाला ते कायम चटईच म्हणायचे. पुढं फ्लॅटच्या कागदावर ‘चटई क्षेत्र’ हा शब्द छापलेला पाहिला तेव्हा मला वस्तादांचीच आठवण झाली.

पण ही रीत मी त्यांच्याकडून मुकाट्यानं शिकलो नाही, नुकसान झाल्यावर शिकलो. १९८७ साली एका ठेकेदाराकडं पहिल्यांदाच स्वतःच्या अंगावर काम घेतलं होतं. बंगल्याच्या पाच खोल्या, मध्ये हिरवट कोटा आणि भिंतीलगत एक फूट रुंद काळ्या कडप्प्याची बॉर्डर. बॉर्डरची मजुरी वेगळी, फुटावर. पट्टी एक फूट रुंद, म्हणून लांबीचा फूट आणि चौरस फूट एकच. हॉल होता १८ बाय १२. ठेकेदारानं माझ्यासमोर टेप धरला, पण धरला तो बॉर्डरच्या आतल्या कडेनं. १६, १६, १० आणि १०, झाले ५२ फूट. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाचही खोल्या अशाच मोजल्या आणि मी पैसे घेतले.

संध्याकाळी वस्तादांनी विचारलं, हॉलची बॉर्डर किती लागली? मी ५२ म्हटलं. त्यांनी जमिनीवर खडूनं चौकोन काढला. अख्खी खोली १८ बाय १२, म्हणजे २१६. चटई १६ बाय १०, म्हणजे १६०. चटई उचलली, खाली उरले ५६. माझे हॉलमध्येच चार फूट गेले होते. आतल्या कडेनं मोजलं की चारी कोपरे मोजमापातून निसटतात.

पुढं आणखी कळलं ते जास्त वाईट होतं. त्याच ठेकेदारानं घरमालकाला बॉर्डरचं बिल लावलं होतं ते भिंतीच्या कडेनं मोजून. १८, १८, १२, १२, म्हणजे ६० फूट. तिथं कोपरे दोनदा आले. मालकाचे चार जास्तीचे गेले आणि माझे चार बुडाले. बॉर्डर तीच, खोली तीच, खरं माप ५६, आणि एकाच टेपनं एकाला ५२ आणि दुसऱ्याला ६० दाखवले. आणि खोली लहान असो की मोठी, फुटाची बॉर्डर असेल तर हा फरक तेवढाच राहतो, कारण प्रत्येक खोलीला कोपरे चारच. पाच खोल्यांत माझे २० फूट आणि मालकाचे २० फूट. ते मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिकलेले गृहस्थ होते. शाळेत त्यांनीही बागेभोवतीच्या रस्त्याची उदाहरणं सोडवली असतीलच.

आता कुणी म्हणेल की कडप्पा तर ६० फूटच आणावा लागला असेल. बरोबर आहे. कोपऱ्यात दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडायच्या तर प्रत्येक कोपऱ्याला अर्ध्या-अर्ध्या फुटाचे दोन तिकोनी तुकडे कटरखाली वाया जातात. चार कोपऱ्यांचे मिळून ४ फूट. म्हणून माल आणताना ६० धरावा लागतो आणि बसलेलं काम ५६ भरतं. मालाचा हिशोब वेगळा आणि मजुरीचा वेगळा. हे मी गिऱ्हाइकाला काम सुरू करण्याआधीच सांगतो, खडूनं काढून दाखवतो. गेल्या तीस वर्षांत यावरून माझं कुणाशी भांडण झालेलं नाही.

याच कापलेल्या पट्टीत एक गंमत आहे. पट्टीची भिंतीकडची कड १८ फूट आणि चटईकडची १६ फूट. शाळेच्या भाषेत हा समलंब चौकोन. दोन्ही कडांची सरासरी १७, रुंदी १, म्हणून पट्टी १७ चौरस फूट. दुसरी तशीच १७. रुंदीच्या बाजूच्या ११ आणि ११. बेरीज ५६. माझा पुतण्या सिव्हिलचा डिप्लोमा करत होता तेव्हा त्याच्या वहीत मला हेच दिसलं. भिंतीच्या मधोमध रेष धरून लांबी मोजायची, तिला ते मध्यरेषा पद्धत म्हणतात. दुसरी एक लांब भिंत-आखूड भिंत पद्धत, ज्यात लांबीच्या दोन भिंती पूर्ण धरायच्या आणि रुंदीच्या दोन भिंती मधल्या मापाच्या. १८, १८, १० आणि १०, परत ५६. पायाच्या खोदाईचा आणि बांधकामाचा अंदाज इंजिनिअर याच पद्धतींनी काढतात. पोरगा त्या वेळी दोन्ही पद्धती वेगवेगळ्या पाठ करत होता. त्याला वस्तादांची चटई दाखवली तेव्हा म्हणाला, काका, हे तर सगळं एकच आहे.

सूत्राबद्दल मला बोलायचंय ते इथं. नातीच्या वहीत दोन सूत्रं आहेत. रस्ता बाहेरून असेल तर लांबी, रुंदी आणि रस्त्याच्या रुंदीची दुप्पट यांची बेरीज करायची आणि तिला रस्त्याच्या रुंदीच्या दुपटीनं गुणायचं. रस्ता आतून असेल तर तिथली ती दुप्पट मिळवायची नाही, वजा करायची. सूत्रं खरी आहेत. मी आकडे घालून पाहिलं, बाहेरून २९६ येतात आणि आतून २६४ येतात, जसे यायला हवेत. पण वर्गातल्या अर्ध्या मुलांची अधिक आणि वजाची अदलाबदल होते असं नातच सांगते, आणि ज्याची अदलाबदल झाली त्याला आपलं चुकलंय हे कळायला काही वाटच उरत नाही. आकृती काढणाऱ्याला वाट असते. बाग मोठी की रस्त्यासकट बाग मोठी, हे डोळ्यांना दिसतं.

आणि कामावर सगळ्याच बॉर्डरी चारी बाजूंनी सारख्या कुठं असतात? परवाच एक हॉल केला, तोही १८ बाय १२. एका १२ फुटी बाजूला भिंतच नाही, पुढं डायनिंग. तिथं मालकीणबाईंना बॉर्डर नको होती. वहीतलं कुठलं सूत्र तिथं लावायचं? मी खोली २१६ धरली, चटई १७ बाय १०, म्हणजे १७०. चटई उचलली, ४६ उरले. बाथरूमच्या भिंतींना टाइल लावताना हेच: अख्खी भिंत मोजायची, तिच्यातून दार काढायचं, खिडकी काढायची. जिन्याखालची कोपऱ्याची खोली, मध्ये खांब आलेली खोली, तुळशीवृंदावनाभोवतीचा कट्टा, सगळीकडं तेच. माझ्या सोबत काम करणाऱ्या बाया कधी शाळेत गेल्या नाहीत, पण किती खोकी वर न्यायची हे त्या बरोबर सांगतात. दोन बाय दोनच्या टाइलच्या एका खोक्यात चार टाइल्स असतात, आणि टाइल खरी ६० सेंटिमीटरची, दोन फुटांना जराशी कमी, म्हणून साडेपंधरा फुटांचं खोकं. ‘‘चटईला अकरा खोकी चढवली मिस्त्री, बॉर्डरची काळी वेगळी ठेवलीय.’’ हे गणितच आहे.

एक मात्र खरं की हे सगळं खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात असेल तर. जुन्या बांधकामात हटकून एखादा कोपरा फाकलेला असतो. म्हणून फरशी मांडण्याआधी आम्ही ३, ४, ५ लावतो: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण, आणि त्या दोन खुणांमध्ये टेप धरला की बरोबर ५ फूट यायला हवेत. मग सुतानं दोन्ही कर्ण ताणून बघायचे. १८ बाय १२ च्या खोलीत कर्ण २१ फूट साडेसात इंचांच्या आसपास येतो आणि दोन्ही सारखे आले तरच खोली सरळ. नसेल तर चटई गुण्यात घ्यायची आणि वाकडेपणा भिंतीकडच्या पट्टीत जिरवायचा. शाळेत पोरांना पायथागोरसचा सिद्धांत शिकवतात तेव्हा कुणी त्यांच्या हातात सूत देत असेल तर मला फार आनंद होईल.

फरशीच्या पलीकडंही या वजाबाकीनं मला एकदा हादरवलं आहे. आमची गावाकडं एक एकर जमीन होती. माप ३३० फूट बाय १३२ फूट. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, तेव्हा लांबीत दहा गुंठे आणि रुंदीत चार, बरोबर चाळीस गुंठे. चारी बाजूंनी ३ फुटांचा बांध आमच्या जमिनीत. वडिलांना पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ, बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. पण ‘बांधाला जाऊन जाऊन किती जाणार’ असं ते म्हणायचे. मी एका दिवाळीत बसून काढलं. आतली चटई ३२४ बाय १२६, म्हणजे ४०,८२४. एकराचे ४३,५६० चौरस फूट. फरक २,७३६ फूट, म्हणजे अडीच गुंठे बांधाखाली.

पुढं वडील आणि तीन चुलते यांच्या वाटण्या झाल्या. लांबीचे चार सारखे तुकडे पडले, प्रत्येकी ८२ फूट ६ इंच बाय १३२. भांडण नको म्हणून प्रत्येकानं आपापल्या तुकड्याला चारी बाजूंनी ३ फूट सोडले. आता एकेका तुकड्यात पेरायला उरले साडेशहात्तर बाय १२६, म्हणजे ९,६३९ फूट. चौघांचे मिळून ३८,५५६. एकरात बांधाखाली गेले ५,००४ फूट, साडेचार गुंठ्यांच्याही वर. जमीन तीच होती, कुणी कुणाची बळकावली नव्हती. सातबाऱ्यावर पूर्वीइतकीच होती. पण दोन गुंठे जास्तीचे नुसत्या कडांनी खाल्ले. मी हे वडिलांना खडूनं ओट्यावर काढून दाखवलं. ते बराच वेळ ओट्याकडं बघत राहिले, आणि म्हणाले, ‘‘हे वाटणीच्या आधी दाखवायला हवं होतंस.’’ ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तुकडा लहान झाला की कड जास्त खाते, हे मी रोज बघतो. १८ बाय १२ च्या हॉलला अर्ध्या फुटाची बॉर्डर केली तर २१६ मधले २९ फूट जातात. तीच अर्ध्या फुटाची बॉर्डर ५ बाय ४ च्या देवघराला केली तर २० मधले ८ जातात, मधे उरतात १२. गिऱ्हाईक म्हणतं, छोटीशीच तर खोली आहे, बॉर्डरला काय लागतंय. म्हणून मी देवघराला तीन इंची पट्टी सुचवतो.

घर घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द लिहितो. घरबांधणी व्यवसायासाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यानं आणि त्यानंतर तो राबवायला आपल्याकडं आलेल्या महारेरामुळं फ्लॅट चटई क्षेत्रावर विकायचा असतो. त्यात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, बाल्कनी, खुला टेरेस आणि पाइपांचे डक्ट धरत नाहीत, मात्र घरातल्या घरातल्या आडभिंती धरतात. बाहेरच्या भिंती म्हणजे घराची बॉर्डरच. आतून २५ बाय २० च्या घराला चारी बाजूंनी ९ इंची भिंत असेल तर बाहेरून माप येतं साडेसव्वीस बाय साडेएकवीस. आत ५०० फूट, बाहेरून ५६९.७५. पावणेसत्तर फूट भिंतींखाली. ताबा घेताना टेप स्वतः धरा, आणि खोल्यांची नुसती बेरीज करून थांबू नका, आडभिंतींची जागाही तुमच्याच मापात आहे.

शाळेला माझी विनंती एवढीच आहे की आकृती काढून वजाबाकी केलेलं उत्तर पूर्ण गुणांचं धरावं. ज्या मुलाला सूत्र हवं त्यानं सूत्र वापरावं. पण सूत्र या वजाबाकीतूनच निघालंय, तेव्हा वजाबाकीलाच कमी गुण कसे? आणि हे उदाहरण फळ्यावर शिकवण्याआधी एकदा वऱ्हांड्यात शिकवून बघावं. आपल्याकडच्या जुन्या शाळांच्या वऱ्हांड्यात शहाबादी फरशीच असते, आयते चौकोन आखलेले असतात. खडूनं बॉर्डर रंगवायची आणि पोरांना चालत मोजू द्यायचं. ‘बाहेरून’ आणि ‘आतून’ या दोन शब्दांवर पोरं सगळ्यात जास्त चुकतात. पुस्तकात ते एका ओळीत वाचून पुढं जातात. वऱ्हांड्यात रस्त्यासाठी बागेतली एक ओळ द्यावी लागली की बाहेरून आणि आतून यातला फरक पायाला कळतो. त्याच ४० बाय ३० च्या बागेला तोच २ मीटरचा रस्ता आतून केला तर २९६ चे २६४ का होतात, हे पोरं स्वतः सांगतील.

या कामाला काही खर्च नाही. प्रत्येक गावात फरशीचा किंवा गवंडीकामाचा एक तरी मिस्त्री असतो. शाळेनं बोलावलं तर तो नाही म्हणणार नाही, उलट त्याला अभिमान वाटेल. आम्हाला शाळेत कुणी बोलावतं ते फुटलेली फरशी बदलायला.

माझ्यापुरतं सांगतो. अमावस्येला आमची थापी बंद असते. त्या दिवशी बार्शी तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं निरोप द्यावा, मी टेप, सूत, खडू आणि पिशवीभर चिंचोके घेऊन सकाळच्या प्रार्थनेआधी हजर राहीन. पाचवी ते आठवी, एका वर्गाला एक तास पुरतो. नात म्हणतेय, तीही येईल, चिंचोके वाटायला.

माझं नाव छापू नये, नाहीतर तिच्या वर्गात उगाच चर्चा होईल. पत्ता आपल्याकडं दिला आहे, शाळांनी तो आपल्या कार्यालयातून घ्यावा.

आपला,
एक फरशी मिस्त्री
बार्शी, जि. सोलापूर